‘पाछळ कोण जोशे?’

तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला मोठा : विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेवरच्या खेळावर, वाढलेल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबला मॅनेजर अमोरिमच्या काळात विंगर (कडेने हल्ला करणारे) नकोसे का झाले? रॅशफोर्ड गेला, अँटनी गेला, गार्नाचो गेला. मग दोष पद्धतीचा की पोरांचा, यावरून तुमच्या कंपूत दर शनिवारी भांडण होतं. दुसरा तू शेवटच्या ओळीत हळूच सरकवलास : दांडिया बाजारातल्या तुमच्या रविवारच्या टीमलाही नवा कोच मिळालाय, त्यानेही तीन स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, लावलेत आणि तुला डाव्या विंगवरून उचलून ‘विंग-बॅक’, म्हणजे हल्ला आणि बचाव दोन्हींसाठी आख्खी कड वाहणारा, केलंय. पोटात दुखतंय ते या दुसऱ्यामुळे, असा माझा अंदाज आहे. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो.

आधी माझा पक्षपात सांगून टाकतो. मी बारा वर्षं डाव्या विंगवर खेळलो आणि त्यानंतर सव्वीस वर्षं बडोद्यात पोरांना शिकवतोय. विंगरला काढलं की मला अजूनही स्वतःलाच बाहेर बसवल्यासारखं वाटतं. तेव्हा माझं बोलणं थोडं पाखडून घे.

विंगर आणि विंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६६ साली इंग्लंडने वर्ल्ड कप जिंकला तो विंगरशिवाय. मॅनेजर आल्फ रॅम्सीने पहिल्या तीन सामन्यांत कॉनली, पेन आणि कॅलॅहन या तीन विंगरना एकेक सामना दिला आणि मग तिघांनाही बसवलं. पण पुढे काय झालं बघ. उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्धचा एकमेव गोल आला तो मार्टिन पीटर्सने डावीकडून टाकलेल्या क्रॉसवर (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) हर्स्टच्या डोक्याने. फायनलमधला तो वादग्रस्त तिसरा गोल, बॉल रेषेपार गेला की नाही हे अजून ठरत नाही तो, त्याआधी उजव्या कडेने धावत जाऊन बॉल आत दिला होता ॲलन बॉलने. पीटर्स आणि बॉल दोघेही मिडफिल्डर. विंगर कागदावरून गेला, विंग मैदानावर राहिली. तिथे पोचणारा माणूस फक्त मागून, उशिरा आणि धावत येऊ लागला.

कडेला माणूस लागतोच का, हे जरा मापात सांगतो. मोठं मैदान रुंदीला ६८ मीटर. त्यात पेनल्टी बॉक्स सुमारे ४० मीटर. म्हणजे बॉक्सच्या दोन्ही बाजूंना, चुन्याच्या रेषेपर्यंत, जवळजवळ १४-१४ मीटरचा पट्टा उरतो. आता चार बचावपटू बॉक्सच्या रुंदीत उभे कर. दोघांमधलं अंतर साधारण १३ मीटर. ते अंतर नीट हलत राहिले तर सांभाळू शकतात. पण तुझा एक माणूस चुन्यावर उभा राहिला आणि बॉल त्याच्या पायात गेला, की त्यांच्या साइडबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, बाहेर यावंच लागतं. शेजारचा स्टॉपर त्याच्याबरोबर सरकला नाही, तर मधली फट दुप्पट होते. सगळा खेळ त्या फटीसाठी चाललेला असतो. विंगर बॉल घेऊन तीन माणसांना चकवतो ते दिसायला छान. पण चांगल्या दिवशी तो काहीच करत नाही, नुसता चुन्यावर उभा राहतो आणि त्या फटीतून दुसराच कोणी पळतो.

हा दुसराच कोणी, तोच माझा मुद्दा आहे. विंगवरचा खेळ विंगर ठरवत नाही, त्याचा जोडीदार ठरवतो. नवा मॅनेजर आला की पेपरात ४-३-३ की ३-४-३ असे आकडे (बचाव, मधली फळी, हल्ला यांत किती माणसं) छापून येतात आणि तुम्ही त्यावर भांडता. मी फक्त एवढंच बघतो, की जोड्या कोणत्या मोडल्या आणि नव्या कोणत्या जुळल्या.

तुम्ही युनायटेडवाले, म्हणून तुमच्याच घरातलं उदाहरण घेऊ. बेकहॅम. उजव्या विंगवरचा जगातला सगळ्यात नावाजलेला माणूस, आणि त्याच्याकडे वेग बेताचा, ड्रिबल त्याहून बेताचं. त्याला बॉल टाकायला अर्धा सेकंद आणि अर्धा मीटर मोकळी जागा लागायची. ती जागा कोण करून द्यायचं? गॅरी नेव्हिल. तो मागून बाहेरच्या बाजूने धावत सुटायचा, समोरचा साइडबॅक क्षणभर दचकून त्याच्याकडे बघायचा, आणि तेवढ्यात बेकहॅमचा क्रॉस हवेत. दहातल्या आठ वेळा नेव्हिलला बॉल मिळायचाच नाही, तरी तो पुढच्या वेळी पुन्हा धावायचा. अशी बिनपगारी धाव घेणारा माणूस टीममध्ये असणं ही नशिबाची गोष्ट आहे. (१९९९च्या बार्सिलोनातल्या फायनलला मात्र मधल्या फळीतल्या कीन आणि स्कोल्सवर बंदी होती, म्हणून बेकहॅम मध्ये खेळला आणि डावीकडच्या गिग्जला उजवीकडे ढकललं. सगळ्या जोड्या मोडलेल्या. नव्वद मिनिटं युनायटेडला धड काही जमलं नाही, आणि शेवटी बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर कप आला. त्या रात्री आमच्या वाड्यात झोपलेल्यांना आम्ही उठवलं होतं, ते अजून ऐकवतात.)

आता अलीकडचं. २०२४च्या उन्हाळ्यात क्लॉपच्या जागी स्लॉट लिव्हरपूलला आला. तोही नवा मॅनेजर, पण त्याने येऊन फार तोडफोड केली नाही. त्या मोसमात सालाहने लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ करून दिले, आणि लिव्हरपूल चॅम्पियन झालं. सगळे म्हणाले, काय विंगर आहे! आहेच. पण सालाहनेच नंतर सांगितलं की त्याने स्लॉटकडे मागणी केली होती : मला बचावाच्या कामातून सूट दे, पुढचं मी बघतो. सूट मिळाली. पण काम काही हवेत विरत नाही, ते कोणाच्या तरी खांद्यावर जातंच. ते गेलं मुख्यतः हंगेरीच्या मिडफिल्डर सोबोस्लाईच्या फुप्फुसांवर. सालाह चुन्यावर दम घेत उभा असताना त्याच्या मागचा पट्टा तो हंगेरियन झाकत होता, आणि आणखी मागून राइट-बॅक (उजवा साइडबॅक) ट्रेंट चाळीस-चाळीस मीटरचे पास पाठवत होता. पुढच्या मोसमात ट्रेंट माद्रिदला गेला आणि तीच उजवी बाजू अडखळायला लागली. सालाह तोच होता.

किंवा २०२५ची चॅम्पियन्स लीग फायनल आठव. पॅरिसने इंटरला ५-० धुतलं. पहिला गोल : डुए, म्हणजे विंगर, बॉक्समध्ये डावीकडे शिरलेला. त्याने स्वतः न मारता बॉल आडवा सरकवला आणि गोलच्या तोंडाशी उभा होता हकिमी. राइट-बॅक! बाराव्या मिनिटाला राइट-बॅक गोलसमोर मोकळा उभा राहतो, तेव्हा समोरच्यांचं कोणाकडे बघायचं हेच ठरलेलं नसतं.

आता अमोरिम. त्याची पद्धत वाईट म्हणणाऱ्यांनी लिस्बन विसरू नये. तिथल्या स्पोर्टिंग क्लबला त्याने २०२०-२१ मध्ये लीग जिंकून दिली, एकोणीस वर्षांनी. तेव्हा त्याच्या दोन कडांना होते पेद्रो पोरो आणि नुनो मेंदेस. आख्खी कड एकट्याने वाहू शकणारे. आणि पोर्तुगालमध्ये बहुतेक सामन्यांत बॉल स्पोर्टिंगकडेच असायचा. समोरचे आपल्या बॉक्सपाशी दाटीवाटीने उभे. अशा वेळी विंग-बॅक नावाचा माणूस खरं म्हणजे विंगरच असतो, कारण तो सत्तर मिनिटं समोरच्यांच्या अर्ध्यात उभा असतो.

इंग्लंडमध्ये तसं होत नाही. तिथे तळाची टीमसुद्धा तुमच्या अंगावर येते. बॉल गेला की दोन्ही विंग-बॅक मागे ढकलले जातात, तीनाचे पाच होतात, आणि बॉल परत मिळतो तेव्हा चुन्यावर पुढे कोणीच नसतं. पोचायला साठ मीटर. अमोरिमच्या रचनेत विंगरच्या जागी दोन ‘दहा नंबर’, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारे, आत खेळायचे, म्हणजे कडेवर माणूस एकच. तो पोचेपर्यंत समोरचे चौघं जागेवर आलेले, फट मिटलेली.

गंमत म्हणजे त्याची पहिलीच मॅच, नोव्हेंबर २०२४, इप्सविचविरुद्ध. ८१ सेकंदांत गोल! अमाद उजवीकडून सुसाट निघाला, खालून बॉल दिला, रॅशफोर्डने जवळच्या पोस्टपाशी आत सारला. तुमच्यापैकी कितीजण त्या रात्री नाचले असतील. अमाद त्या दिवशी विंग-बॅक होता. जन्माचा विंगर, पण समोर पळायला मोकळी जागा मिळाली की विंग-बॅक किती धारदार होतो त्याचा तो नमुना. मॅच १-१ सुटली, आणि उरलेल्या वेळात त्याच जागेचं दुसरं तोंड दिसलं. तो मोसम युनायटेडने ४२ गुणांवर, पंधराव्या नंबरवर संपवला.

मग दोष कोणाचा? माझं मत विचारशील तर रॅशफोर्ड आणि गार्नाचो हे दोघे बाहेर उभे राहून आत येणारे, जागा मिळाली की सुटणारे. त्यांना आत, गर्दीत, गोलकडे पाठ करून बॉल घ्यायला सांगणं म्हणजे पतंग घरात उडवायला सांगणं. त्यांना विंग-बॅक करावं तर मागे धावायची तयारी नाही. म्हणजे त्या रचनेत त्यांना खुर्चीच नव्हती. पोरं वाईट नव्हती, रचनाही मुळात वाईट नव्हती. पण मॅनेजरने जोड्या जुळायच्या आधी आकार हट्टाने धरला, आणि त्याची किंमत क्लबने मोजली. तुमच्यातला एकजण म्हणतो ना, ‘ॲटिट्यूडचा प्रॉब्लेम होता’? असेलही. पण ज्याला स्वतःची जागा कळत नाही, त्याचा ॲटिट्यूड सगळ्यात आधी बिघडतो. हे मी चौदा वर्षांच्या पोरांत दर वर्षी बघतो.

तीच पद्धत चालते कशी, ते मॅनेजर कॉन्टेच्या चेल्सीत बघ. सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलने त्यांना ३-० हरवलं, कॉन्टेने तीन स्टॉपर लावले, आणि चेल्सी सलग १३ लीग सामने जिंकली. मोसम ९३ गुणांवर संपला, लीग त्यांची. उजवा विंग-बॅक कोण, तर व्हिक्टर मोझेस. विंगरच, तीन क्लबांना उसना दिलेला, जवळपास विसरलेला. तो एका महिन्यात बचाव शिकला का? छे. त्याच्या आतल्या बाजूला उजवा स्टॉपर म्हणून होता आस्पिलिक्वेता, जो मुळात साइडबॅक. मोझेस पुढे गेला की त्याला बाहेर येऊन कड झाकायची भीती नव्हती. त्या मोसमात लीगचं एकही मिनिट आस्पिलिक्वेता बाहेर बसला नाही. पुढे पेद्रो, जो विंगर असून मागे धावायचा. मध्ये मिडफिल्डर कान्टे. एका मोझेसभोवती तीन जोडीदार. हे न बघता नुसता आकार उचलला की काय होतं, ते मी स्वतः करून बसलोय.

चेल्सीचा तो मोसम बघून माझ्या डोक्यात वारं शिरलं. पावसाळा संपल्यावर माझ्या पंधरा वर्षांखालच्या टीमला मीही तीन स्टॉपर लावले. डावीकडे बडोद्याच्या वाडी भागातला एक गुजराती पोरगा होता, वाऱ्यासारखा पळायचा. त्याला म्हटलं, आजपासून आख्खी कड तुझी. पहिल्याच मॅचला ५-१ हरलो, आणि पाचातले चार गोल त्याच्या बाजूने. हाफ टाइमला मी त्याच्यावर ओरडत होतो, तो पाण्याची बाटली हातात धरून शांतपणे म्हणाला, ‘सर, हुं आगळ जाउं तो पाछळ कोण जोशे?’ मी पुढे गेलो तर मागे कोण बघणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दोन विंग-बॅकना त्यांचं काम दहा दिवस शिकवलं होतं. त्यांच्या शेजारच्या स्टॉपरना एक शब्द सांगितला नव्हता. डावा स्टॉपर बिचारा, त्याला आम्हीच तीन वर्षं घोकवलेलं की बॉक्स सोडायचा नाही. तो सोडत नव्हता.

मग घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली. तिन्ही स्टॉपर आणि दोन्ही विंग-बॅकच्या कमरेला, दहा-दहा मीटरचं अंतर ठेवून, सैलसर बांधली. मी बॉल घेऊन या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसता चालायचो. एक सरकला की दोरी दुसऱ्याला ओढते. पहिल्या दिवशी हसून हसून पडले, शब्दशः पडले. तिसऱ्या आठवड्यात दोरी काढली तरी सरकत राहिले. आणखी एक गोष्ट लक्षात आली : आमची निम्मी टीम मराठीत ओरडते, निम्मी गुजरातीत, त्यामुळे ऐन वेळी घोळ. ‘जा’ हा शब्द मात्र दोन्हीकडे तोच. मग नियम केला, की मागचा ‘जा’ म्हणाल्याशिवाय विंग-बॅकने पुढे सुटायचं नाही. ‘जा’ म्हणणं म्हणजे मागची कड मी घेतली, हे कबूल करणं. त्या वर्षी आम्ही काही जिंकलो नाही, पण चार-पाच गोल मात्र पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

मॅच बघताना तुम्ही मंडळी क्रॉस मोजता, ते थांबवा. उंच, लांबून टाकलेला क्रॉस हा बहुतेकदा विंगरचा नाइलाज असतो. समोर फट नाही, मागे जोडीदार नाही, मग टाकला आकाशात. त्याऐवजी गोललाइनपर्यंत जाऊन मागे ओढलेला बॉल किती वेळा आला ते बघा. तेव्हा बचाववाले आपल्याच गोलकडे तोंड करून धावत असतात. बॉलकडे बघावं तर माणूस निसटतो, माणसाकडे बघावं तर बॉल. शिवाय बॉल मागे येतोय आणि घेणारा बॉलच्या मागे आहे, म्हणजे ऑफसाइडची भानगडच नाही. आणि विंगरला बॉल मिळतो तेव्हा त्याचं तोंड कुठे आहे, तेही बघा. चुन्याकडे तोंड, पाठीवर माणूस, अशा अवस्थेत बॉल मिळत असेल तर तो मेस्सी असला तरी मागेच देणार, आणि तुम्ही सोफ्यावरून त्याला शिव्या घालणार. त्याला तसा पास कोणी दिला, त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही. एक अडचण आहे, टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो, लांबची कड दिसतच नाही. गोलकीक घेताना दोन सेकंद पूर्ण मैदान दाखवतात. तेवढ्यात विंग-बॅक कुठे उभे आहेत ते टिपून घ्यायचं. हाफलाइनच्या पुढे असतील तर मॅनेजरच्या मनात विंगर आहे. मागे असतील तर ते पाच डिफेंडर आहेत, नाव काही का असेना.

आता तुझं. तुमची टीम मला थोडी माहीत आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. रात्री उशिराची मॅच बघून, वर सेव-उसळ खाऊन, सकाळी सात वाजता मैदानावर येणाऱ्या तिशीतल्या माणसाला आख्खी कड एकट्याने नव्वद मिनिटं जमणार नाही. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन लागलं की वीस मिनिटंही नाही. आणि नवरात्रानंतर मैदानाच्या कडेला मांडवाच्या बांबूंचे खड्डे असतात, ते नेमके विंग-बॅकच्याच वाटेवर. तुमच्या कोचची कल्पना चूक नाही, तुमच्याकडे तीन उंच स्टॉपर आहेत आणि धड साइडबॅक एकही नाही, हे मलाही दिसतं. पण दोन्ही विंग-बॅक एकाच वेळी पुढे जायची चैन तुम्हाला परवडणारी नाही. एक गेला की दुसऱ्याने मध्याच्या मागे थांबायचं. लंगडा आकार चालतो, बिघडत काही नाही.

तुझी नाराजी घेऊन कोचकडे जाऊ नकोस. ‘मला विंगवर खेळायचंय’ म्हटलंस की तो तुला हट्टी समजेल. त्याला त्या पोराचा प्रश्न विचार : मी पुढे गेलो तर मागे कोण? त्याने नाव घेतलं, तर मुकाट्याने खेळ, कारण त्याने विचार केलाय. नाव घेता आलं नाही, तर तुला तो विंगवर परत टाकेल किंवा आकार बदलेल. दोन्हींत तुझंच भलं.

आणि तुझ्या मागचा डावा स्टॉपर, तो दाढीवाला, उजव्या पायाचा आहे ना? तो बाहेर येतो तेव्हा बॉल आतल्या पायावर घेतो आणि दर वेळी तुला उशिरा देतो. मी दोन मॅच पाहिल्यात. तिघांतला कोणी डावखुरा असेल तर त्याला तिथे आण, हे आधी कर. नसेल तर या बुधवारी संध्याकाळी त्या दाढीवाल्याला घेऊन माझ्याकडे ये. दोरी अजून आहे.